बोट ते रोबोट : वाढलेल्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनची सव्वाशे वर्षं

चाळीसगावात स्टेशन रोडला गेल्या महिन्यात एक फ्लेक्स लागलाय. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलचा. चार हातांचं पांढरं यंत्र, शेजारी हसणारे आजोबा आणि खाली ठळक अक्षरात, 'प्रोस्टेटचं ऑपरेशन आता रोबोट करणार!' तेव्हापासून माझ्या इनबॉक्समध्ये एकाच धाटणीचे मेसेज येतायत. "भाऊ, वडिलांना लघवीचा त्रास आहे. रोबोटवालं करावं का?" "नानांना डॉक्टरांनी दुर्बिणीचं सांगितलंय, रोबोट जास्त चांगला ना?" एकाने तर शेत गहाण टाकायची तयारी दाखवली.

मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. कुणी कुठलं ऑपरेशन करावं हे सांगणं माझं काम नाही. पण या ऑपरेशनचा इतिहास मात्र मी मांडू शकतो. तो माहीत असला की फ्लेक्सवरच्या वाक्यातलं खरं किती आणि भर किती, हे आपलं आपल्याला कळतं. पोस्ट लांबलचक आहे. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर सावकाश वाचा.

आधी दुखणं काय ते बघू. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती अंगठीसारखी बसलेली एक ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. फक्त पुरुषांना असते. तरुणपणी अक्रोडाएवढी, वजन वीसेक ग्रॅम. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. चाळिशीनंतर तिचा आतला भाग हळूहळू वाढायला लागतो. साठीच्या घरातल्या निम्म्याअधिक पुरुषांत ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढे दहातल्या आठ-नऊ जणांत. ती कॅन्सर नव्हे, हे दोनदा वाचा. पण नळी आतून दाबली जाते. मग रात्री तीन-चार वेळा उठणं, धार बारीक होणं, जोर करावा लागणं, झालं तरी झाल्यासारखं न वाटणं. आणि एखाद्या दिवशी लघवी पूर्ण तुंबते.

हा त्रास आजकालचा नाही. सुश्रुतसंहितेत लघवी अडण्याचे, म्हणजे मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक 'वाताष्ठीला'. मलमार्ग आणि मूत्राशय यांच्या मधोमध दगडासारखी घट्ट गाठ होते आणि ती लघवी अडवते, असं त्याचं वर्णन आहे. आजचे वैद्य ते वाढलेल्या प्रोस्टेटशी जोडतात. जागा तर अगदी बरोबर सांगितलीय. पण गाठ कळली तरी ती काढायची कशी, याचं उत्तर पुढे कित्येक शतकं कुणाकडेच नव्हतं. होती ती फक्त नळी. कुठे धातूची, कुठे लाकडाची, तूप-तेल लावून आत सरकवायची आणि तुंबलेली लघवी काढायची.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही म्हाताऱ्यांचं हेच होतं. लघवी अडली की डॉक्टर नळी घालायला शिकवायचे. मग तो माणूस ती नळी सोबत बाळगून दिवसातून तीन-चार वेळा स्वतःच घालायचा. मरेपर्यंत. तिकडच्या डॉक्टरांनी या अवस्थेला नावच ठेवलं होतं, 'कॅथेटरचं आयुष्य'. जंतुसंसर्ग ठरलेला, आणि अनेकांचं हे आयुष्य फार लांबत नसे.

नळीपेक्षा वेगळं काही करायचं तर ते भयानक होतं. १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट नावाच्या सर्जनने सुचवलं की अंडकोष काढून टाका, प्रोस्टेट आपोआप आकसेल. दोनच वर्षांत त्याने अशा शंभराहून जास्त रुग्णांचे अहवाल गोळा करून छापले. पुरुषी हार्मोन आणि प्रोस्टेट यांचा संबंध आहे, हे त्याचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. आज फिनास्टेराइडसारख्या गोळ्या त्याच संबंधावर चालतात. पण उपाय म्हणून ते फार काळ टिकलं नाही. माणसं दगावत होती, आणि वाचलेल्यांनी काय गमावलं ते वेगळं सांगायला नको.

इथे गोष्टीत आपला देश येतो.

पीटर फ्रेयर हा आयर्लंडचा डॉक्टर. १८७५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती झाला आणि वीसेक वर्षं उत्तर हिंदुस्थानात नोकरी केली. तेव्हा तिकडे मूत्राशयातल्या खड्यांचे रुग्ण भरपूर. पोट न फाडता, लघवीच्या वाटेने अवजार घालून खडा आतल्या आत चिरडायचा आणि चुरा धुऊन काढायचा, ही पद्धत नवीन आली होती. फ्रेयरचा हात त्यात बसला. (आपल्या खानदेशाला जवळचं इंदूर. तिथे कीगन नावाचा डॉक्टर हेच काम लहान मुलांवर करत होता, आणि त्याचं पुस्तक तिकडे युरोपात वाचलं जात होतं.) फ्रेयरचं नाव एवढं झालं की रामपूरच्या नवाबाने त्याला उपचाराचे एक लाख रुपये दिले. त्या काळातले एक लाख!

हिंदुस्थानातल्या शेकडो गरीब रुग्णांवर तयार झालेला हा हात घेऊन तो लंडनला परतला आणि सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये रुजू झाला. डिसेंबर १९०० मध्ये त्याने एका ६९ वर्षांच्या माणसाची वाढलेली प्रोस्टेट काढली. पद्धत ऐकून अंगावर काटा येईल. ओटीपोटावर छेद, मूत्राशय उघडायचं, आत एक बोट घालायचं. दुसऱ्या हाताचं बोट गुदद्वारातून घालून ग्रंथी खालून वर रेटायची. मग आतल्या बोटाने वाढलेला भाग सोलून मोकळा करायचा, संत्र्याची साल जागेवर ठेवून आतला गर काढावा तसा. सगळं अंदाजाने, डोळ्यांना काही दिसत नाही. रक्त थांबवायला आत टाके घालायची सोय नाही. बाहेर एक जाड नळी ठेवायची आणि रक्त थांबायची वाट बघायची. पण तो माणूस वाचला आणि पुन्हा स्वतःच्या स्वतः लघवी करू लागला. 'कॅथेटरचं आयुष्य' संपलं.

जुलै १९०१ मध्ये फ्रेयरने चार रुग्णांची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली आणि दोन दावे केले. एक, ही पद्धत माझी. दोन, मी प्रोस्टेट संपूर्ण काढतो. दोन्ही दाव्यांवर वाद पेटला. न्यूयॉर्कच्या युजीन फुलरने १८९५ मध्येच अशा सहा रुग्णांची माहिती छापलेली होती. वर आणखी, न्यूयॉर्कचेच रॅमन गिटेरस १९०० मध्ये लंडनला आले असताना त्यांनी फुलरची पद्धत फ्रेयरला समजावून सांगितली होती. आणि 'संपूर्ण' हा शब्द तर चूकच होता. निघत होता तो आतला वाढलेला भाग, बाहेरची साल शरीरातच राहत होती.

हे 'संपूर्ण' प्रकरण लक्षात ठेवा, कारण सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडे तो गैरसमज आहे. "आबांची प्रोस्टेट काढलीय, आता कॅन्सरची भीती नाही," असं लोक बिनधास्त सांगतात. साध्या वाढीसाठी जे ऑपरेशन होतं, मग ते बोटाने होवो, दुर्बिणीने, लेसरने की रोबोटने, त्यात साल मागे राहतेच. त्या सालीत पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील तशी तपासणी चालू ठेवायची असते. कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढतात ते ऑपरेशन वेगळं. रोबोटचं नाव जगात झालं ते मुख्यतः त्या कॅन्सरच्या ऑपरेशनमुळे. फ्लेक्सवर दोन्ही एकत्र करून छापतात, वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

फ्रेयरचं श्रेय वादाचं असेल, पण एका गोष्टीसाठी मला तो मोठा वाटतो. त्याने आकडे लपवले नाहीत. १९१२ पर्यंत त्याची हजार ऑपरेशनं झाली होती आणि त्याने ती छापली, दगावलेल्यांसकट. मृत्यूचं प्रमाण शेकडा पाच-सहाच्या आसपास. आज ऐकायला भीती वाटते. पण सत्तरीची माणसं, रक्त चढवायची सोय जेमतेम, अँटिबायोटिक तर पुढे तीस-चाळीस वर्षांनी आलं. त्या काळाला हा आकडा चांगला होता, आणि तो जाहीर होता म्हणून इतर सर्जन ही पद्धत पारखू शकले.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं दोन दिशांनी काम झालं. एक दिशा, उघड्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी करायचा. १९४५ मध्ये लंडनच्या टेरेन्स मिलिनने, हाही आयरिश, मूत्राशय न उघडता थेट ग्रंथीपर्यंत जायची वाट दाखवली. आता सर्जनला जागा दिसू लागली आणि रक्तवाहिनी पकडून टाका घालता येऊ लागला.

दुसरी दिशा, छेदच द्यायचा नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत घालायची आणि विजेच्या तारेच्या कडीने ग्रंथी आतून खरवडायची. अमेरिकेत १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्नने अशा अवजाराची सुरुवात केली, १९३१ च्या सुमारास जोसेफ मॅकार्थीने ते सुधारलं. पुढे इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्सने काचेच्या दांड्यांची नवीन दुर्बीण काढली, तेव्हा आतलं चित्र लख्ख झालं. आपण ज्याला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतो ते हेच. आजही जगभर मध्यम आकाराच्या प्रोस्टेटसाठी नवीन पद्धत आली की तिची तुलना याच ऑपरेशनशी करतात. १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या पीटर गिलिंगने यात लेसर आणला. होल्मियम लेसरने आतला गर सालीपासून सोडवायचा, मूत्राशयात ढकलायचा आणि तिथे बारीक करून बाहेर काढायचा. म्हणजे फ्रेयरच्या बोटाचंच काम, पण लघवीच्या वाटेने, छेद न देता.

रोबोटकडे यायच्या आधी थोडं राजकारण. बातमीदाराची सवय, जात नाही.

ऑक्टोबर १९६३. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन. पक्षाचं अधिवेशन तोंडावर आणि ऐन वेळी त्यांची लघवी अडली. १० तारखेला ऑपरेशन, १८ तारखेला राजीनामा. दुखणं साध्या वाढीचं निघालं, कॅन्सरचं नव्हे. त्यानंतर ते तेवीस वर्षं जगले. एका ग्रंथीपायी देशाचा पंतप्रधान बदलला.

नोव्हेंबर १९८५. नेल्सन मंडेला तुरुंगात. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी त्यांना केपटाउनच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे वर्णद्वेषी सरकारचे न्यायमंत्री कोबी कोएत्सी त्यांना भेटायला आले, जुनी ओळख असल्यासारखे. बरे होऊन तुरुंगात परतल्यावर मंडेलांना सहकाऱ्यांपासून वेगळं ठेवलं गेलं, आणि त्या एकांतात त्यांनी सरकारशी बोलणी सुरू करायचं ठरवलं. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

आणि जानेवारी २०२४. ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी स्वतः जाहीर केलं की माझी प्रोस्टेट वाढलीय, मी उपचार घेतोय. लोकांनी तपासून घ्यावं म्हणून सांगितलं. झालंही तसंच. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या वेबसाइटवर या आजाराचं पान बघणाऱ्यांची संख्या दिवसात कित्येक पटींनी वाढली. राजा बोलला म्हणून प्रजा बोलली. आपल्याकडे किती पुढाऱ्यांनी हे सांगितलंय? बायपास झाली की फोटो टाकतात. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं की 'किरकोळ शस्त्रक्रिया' एवढीच बातमी आमच्याकडे येते.

आता रोबोट.

'रोबोट' हा शब्दच मुळात नाटकातला. चेक लेखक कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये छापलं गेलं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठ. वेठीला धरलेला मजूर तो रोबोट. हा अर्थ ध्यानात ठेवला की ऑपरेशन थिएटरमधला रोबोट समजायला सोपा जातो. तो सर्जनच्या हुकमाचा ताबेदार आहे, स्वतः सर्जन नाही.

पण गंमत अशी की, माणसाच्या शरीरातला भाग स्वतःहून कापणारा यंत्रमानव सर्वात आधी ज्या कामांना जुंपला, त्यात वाढलेली प्रोस्टेट होती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे ब्रायन डेव्हिस आणि मूत्ररोगांचे सर्जन जॉन विकहॅम यांच्या चमूने 'प्रोबॉट' नावाचं यंत्र बनवलं आणि १९९१ मध्ये ते रुग्णांवर वापरून पाहिलं. सोनोग्राफीने ग्रंथीचं माप घ्यायचं, किती कापायचं ते संगणकाला सांगायचं आणि मग यंत्र ठरलेल्या आकारात आतला भाग काढणार. सर्जनच्या हाताशी थांबवण्याचं बटण. चाचण्या झाल्या, पण ते यंत्र दवाखान्यादवाखान्यांत पोचलं नाही.

पोचलं ते वेगळ्या विचाराचं यंत्र. अमेरिकेत, युद्धभूमीवरच्या जखमी सैनिकाचं ऑपरेशन दूर बसलेल्या सर्जनला करता यावं, यासाठी संशोधन चालू होतं. त्यातूनच पुढे 'दा विंची' हे यंत्र निघालं. २००० मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. फ्लेक्सवर चार हातांचं जे यंत्र दिसतं ते याच जातीचं. यात यंत्र स्वतः काही ठरवत नाही. सर्जन दहा-बारा फुटांवर एका टेबलाशी बसतो, डोळ्यांसमोर आतलं मोठं केलेलं, खोली दाखवणारं चित्र. त्याची बोटं जशी हलतात तशी रुग्णाच्या पोटातली बारीक अवजारं हलतात. अवजाराला मनगट आहे, ते सगळ्या बाजूंना वळतं. सर्जनच्या हाताचा कंप यंत्र गाळून टाकतं. पोटावर पाच-सहा लहान भोकं, एवढंच.

'रोबोट ऑपरेशन करणार' हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. ऑपरेशन माणूसच करतो. रोबोट हे त्याचं बोट.

या यंत्राने साध्या वाढीचं ऑपरेशन केल्याचा पहिला अहवाल २००८ मधला, व्हेनेझुएलाची राजधानी काराकास इथल्या रेने सोतेलो यांचा. सात रुग्ण. आत जाऊन काय केलं? मूत्राशयाच्या बाजूने पोचायचं, साल ठेवायची, वाढलेला गर सोडवायचा, रक्तवाहिन्यांना टाके घालायचे, गर पिशवीत घालून एका भोकातून बाहेर काढायचा. फ्रेयरचं बोट अंधारात जे करत होतं, तेच इथे उजेडात, मोठं करून, टाके घालून केलं. ऑपरेशन तेच, वाट लहान झाली.

आपल्या देशात पहिला असा रोबोट २००२ मध्ये दिल्लीच्या एस्कॉर्ट्समध्ये आला, तो हृदयासाठी. मूत्ररोगांसाठी २००६ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये सुरुवात झाली. अलीकडे गुरुग्रामच्या कंपनीने 'मंत्रा' नावाचा देशी रोबोट बनवलाय. यंत्र अजूनही कोट्यवधींचं आहे, आणि आतली अवजारं ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात. बिलात रोबोटचा खर्च वेगळा दिसतो तो यामुळे.

आणि प्रोबॉटची ती जुनी कल्पना? ती परत आली. अमेरिकेतल्या एका कंपनीने 'ॲक्वाबीम' नावाचं यंत्र काढलं, २०१७ च्या अखेरीस त्याला तिथे मान्यता मिळाली. सोनोग्राफीच्या पडद्यावर सर्जन रेघ आखतो, इथून इथपर्यंत. मग यंत्र पाण्याच्या जोरदार धारेने तेवढाच भाग उडवतं, उष्णता न वापरता. १८१ रुग्णांवरच्या चाचणीत कापण्याचं प्रत्यक्ष काम सरासरी चार मिनिटांत झालं. सहा महिन्यांनी त्रासातला फरक दुर्बिणीच्या ऑपरेशनइतकाच पडला. एका बाबतीत मात्र मोठा फायदा दिसला. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. जिवाला धोका नसतो, पण आधी कुणी सांगितलेलं नसतं आणि माणूस मनातून खचतो. त्या चाचणीत ही तक्रार दुर्बिणीच्या गटात शेकडा ३६ जणांना होती, पाण्याच्या धारेच्या गटात १० जणांना. उलट बाजूही आहे. उष्णता नसल्याने रक्त थांबवण्याकडे नंतर जास्त लक्ष द्यावं लागतं.

मग रोबोट चांगला की नाही? माझ्या समजुतीने प्रश्नच असा विचारू नये. विचारावं की, कुणासाठी. ज्यांना त्रास थोडा आहे त्यांचं गोळ्यांवर भागतं, आणि असे खूप आहेत. मध्यम आकाराच्या ग्रंथीला, साधारण ऐंशी ग्रॅमच्या आतल्या, दुर्बिणीचं ऑपरेशन आजही उत्तम समजतात. ग्रंथी त्याहून बरीच मोठी असेल, सोबत मूत्राशयात मोठे खडे असतील, तर पूर्वी पोट उघडावं लागायचं. तिथे रोबोटचा फायदा खरा आहे. उघड्या ऑपरेशनपेक्षा रक्त कमी जातं, हॉस्पिटलातला मुक्काम कमी होतो. पण वेळ आणि पैसा जास्त लागतो, पूर्ण भूल द्यावी लागते आणि डोकं खाली झुकवून झोपवावं लागतं. आणि त्याच मोठ्या ग्रंथीला लेसरचा पर्यायही असतो, त्यात पोटावर एकही भोक नाही. तेव्हा चाळीस ग्रॅमच्या ग्रंथीसाठी कुणी पोटातून रोबोट घालायचं म्हणत असेल, तर 'का?' एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं तर कुणाचा अपमान होत नाही.

पैशांचं बघू. विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि हे उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असं कंपन्यांना बजावलं. त्या यादीत रोबोटिक सर्जरी आहे आणि प्रोस्टेटवरचा लेसर उपचारही आहे. पण रकमेवर मर्यादा घालायची मुभा कंपन्यांना ठेवलीय. म्हणजे पाच लाखांची पॉलिसी असली तरी रोबोटसाठी त्यातले ठरावीकच मिळतील असं होऊ शकतं. भरती व्हायच्या आधी ही मर्यादा लेखी विचारा. दुर्बिणीचं ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतं. कुठल्या हॉस्पिटलात, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, आधी तिथे चौकशी करायला लाजू नका. शेत गहाण टाकायचा विचार त्यानंतरचा.

आता जे सांगण्यासाठी एवढं लिहिलं ते. वीस वर्षं या तालुक्याच्या बातम्या करतोय. सरकारी दवाखान्याच्या बाकावर धोतराच्या सोग्याआड लघवीची पिशवी लपवून बसलेले म्हातारे मी नेहमी बघतो. कुणाला नळी टाकून महिना झालेला, कुणाला चार महिने. पोराला सुट्टी नाही, कापूस विकला गेला नाही, लग्नसराई होऊ द्या, अशी कारणं. आणि त्याआधी दोन-तीन वर्षं त्यांनी कुणालाच सांगितलेलं नसतं. वय झालं की असं होतंच, म्हणून गप्प. रात्री पाणी प्यायचं बंद करतात, लग्नाला जायचं टाळतात, एसटीचा लांबचा प्रवास सोडतात. बायकोला माहीत असतं, पण तीही बोलत नाही. मूत्राशयात लघवी तुंबत राहते, तिचा दाब मागे जाऊन किडन्या खराब होतात. मग ज्यांचं गोळ्यांवर भागलं असतं त्यांना ऑपरेशन लागतं. ज्यांचं दुर्बिणीने झालं असतं त्यांना आधी किडनीचे उपचार घ्यावे लागतात.

सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रेयरने जे 'कॅथेटरचं आयुष्य' संपवलं असं आपण म्हणतो, ते आपल्या तालुक्यात संपलेलं नाही. कन्नडचा घाट चढून संभाजीनगरला किंवा रेल्वेने नाशिक-मुंबईला रोबोट आहे की नाही, ही पुढची गोष्ट. मूत्ररोगांचा डॉक्टर उपजिल्हा पातळीवर आठवड्यातून एक दिवस तरी बसावा, ही मागणी मला जास्त गरजेची वाटते. डोळ्यांची शिबिरं आपण गावोगाव घेतो, मंडळाच्या गणपतीत घेतो. त्याच शिबिरात साठीच्या पुढच्या पुरुषांची सोनोग्राफी आणि लघवीच्या धारेची तपासणी का होऊ नये? खर्च फार नाही. लोकप्रतिनिधी मंडळी ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. त्यांनी हे मनावर घ्यावं.

तोवर घरच्यांनी एवढं करा. वडिलांना, काकांना विचारा, रात्री किती वेळा उठता? तीनदा-चारदा म्हणाले तर डॉक्टरकडे न्या. लघवीतून रक्त गेलं किंवा ती पूर्ण अडली तर वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. ऑपरेशन सांगितलं तर हे प्रश्न कागदावर लिहून न्या. ग्रंथी किती ग्रॅमची आहे? लघवी करून झाल्यावर आत किती उरते? किडनी ठीक आहे का? पीएसए किती? हीच पद्धत का, दुसरी का नाही? ही ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत? नंतर वीर्याचं काय होईल? एकूण बिल किती आणि विमा त्यातला किती देईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुर्ची पुढे ओढतो.

ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी आपला अनुभव लिहावा. कुठल्या पद्धतीने झालं, नळी किती दिवस होती, खर्च किती आला. नाव द्यायचं नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा, नाव न घेता मी मांडेन. तुमच्या चार ओळी वाचून एखादे नाना यंदा लग्नसराईच्या आधीच डॉक्टरकडे जातील.